शेजार आणि पायवाट

परमुलखात नोकरी पत्करणाऱ्या माणसास दोन गोष्टी निवडून घेता येत नाहीत. एक वरिष्ठ आणि दुसरा शेजारी. दोघेही नेमणुकीच्या हुकुमाबरोबर येतात. पैकी वरिष्ठांविषयी लिहिण्याचे हे स्थळ नव्हे, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याविषयी लिहिण्यात पुरुषार्थही नाही. शेजाऱ्याविषयी मात्र लिहावे असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आहे. ज्याला आपण शेजारधर्म म्हणतो तो नेमका कोणाशी पाळावयाचा, हा प्रश्न एका सुटीत आमच्यापुढे अकस्मात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर देताना आमची चांगलीच त्रेधा उडाली.

गावाकडे शेजार वारशाने मिळतो आणि त्यातली भांडणेही वारशानेच मिळतात. बांधाला बांध लागून असलेल्या दोन घरांत तीन पिढ्या अबोला असतो, आणि तरीही एका घरी मर्तिक झाले म्हणजे दुसऱ्या घरातून पिठल्या-भाकरीची टोपली आल्यावाचून राहत नाही. बदलीच्या माणसाचा शेजार याहून निराळा. तीन वर्षांची मुदत पदरी घेऊन तो येतो. दोन ट्रंका बांधलेल्याच ठेवतो, आणि बहुधा आपला जिव्हाळाही त्याच ट्रंकांत घालून ठेवतो; उगाच उलगडावा कशाला, पुन्हा बांधावा लागेल! आपल्या बायकांनी मात्र हा हिशेब कधी मानला नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत करावयाची नाही, हा नियम त्यांनी जबलपुरास पाळला, रायपुरास पाळला, जेथे भाषा समजत नव्हती तेथेही पाळला. आमच्या घरी आज जी भांडी आहेत त्यांतील निदान चार कोणाची आहेत हे कोणासही सांगता येणार नाही.

आमचे ज्या शेजाऱ्यांशी प्रस्तुत प्रकरण घडले ते येथील एका आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले हिंदी भाषिक गृहस्थ. आम्ही त्यांना 'भाईसाहब' म्हणतो. ते आम्हांस 'भाऊ' म्हणतात. हा शब्द त्यांनी आमच्या आईच्या तोंडून उचलला. नेपियर टाउनमधील एका जुन्या दुमजली घरात ते खाली राहत आणि आम्ही वर. २२ मे १९९७ च्या रात्री, एक वाजून गेल्यावर, जबलपूर भूकंपाने हादरले. शहरात व आसपासच्या खेड्यांत मिळून सुमारे चाळीस माणसे दगावली आणि जुन्या घरांची फार मोठी हानी झाली. आमच्या आईच्या मांडीचे हाड मोडून त्या वेळी पंधरवडाही उलटला नव्हता. भिंतीवरचे गिलाव्याचे पोपडे अंथरुणावर पडत होते, जिन्यात अंधार होता, आणि आम्ही खरोखर काय करीत होतो ते आम्हांस आजही आठवत नाही. आठवते ते एवढेच की, सर्व घर खाली धावत असता एक मनुष्य वर आला. काही न बोलता त्यांनी आईस पाठीवर घेतले आणि जिना उतरले. पुढे किती तरी रात्री दोन्ही कुटुंबे समोरच्या मोकळ्या जागेत एकाच सतरंजीवर निजली. शेजारी हा शब्द त्यानंतर आम्ही कधी सैलपणे वापरला नाही. त्या घरातून निघाल्यावर आम्ही दोघांनी घरे घेतली तीही भिंतीला भिंत लागून.

या भाईसाहबांनी निवृत्तीनंतर बरगीच्या जलाशयाकाठी थोडी जमीन घेतली आणि तीवर तीन खोल्यांचे एक कौलारू घर बांधले. २०२४ सालचा प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला, त्यामुळे त्यांच्या मुलास व सुनेस तीन दिवसांची सुटी लागून मिळाली, आणि आम्हां उभयतांस आग्रहाचे निमंत्रण झाले. निवृत्तांस सुटीचे अप्रूप ते काय, असे वाचक म्हणतील. पण चाळीस वर्षे कॅलेंडरातले तांबडे आकडे मोजण्याची सवय जडलेल्या मनास तांबडा आकडा दिसला की अजूनही उकळी फुटते.

जबलपुराहून बरगी सुमारे चाळीस किलोमीटर. ज्यांनी हा जलाशय पाहिला नाही त्यांनी नर्मदेची भेडाघाटातील मूर्ती क्षणभर विसरावी. तेथे ती संगमरवराच्या कड्यांतून वाट काढणारी, धुवांधारावरून उडी घेणारी, तापट मुलीसारखी. येथे तीच नदी एवढी पसरली आहे की पैलतीर धुक्याची रेघ वाटावी. मंडल्याच्या दिशेने हे पाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर मागे गेले आहे. त्याला नाव दिले आहे रामगडच्या राणी अवंतीबाईंचे, ज्यांनी १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढताना पुढल्याच वर्षी देह ठेवला. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेली होती. शुक्रवारी सायंकाळी आम्ही पोहोचलो तो डोंगरामागून चंद्र वर येत होता आणि पाण्यातून डोके काढलेल्या वाळक्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. भाभीजींनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर गक्कड भाजले, वांगी-टोमॅटोचे भरीत केले. आमच्या घरून गुळाच्या पोळ्या नेल्या होत्या. महाकोशलातील गक्कड आणि आपली गुळाची पोळी या दोहोंवर एकाच तुपाची धार धरली असता त्यांच्यात कोणताही प्रांतभेद उरत नाही, असा आमचा अनुभव आहे. मुले पत्ते कुटीत होती. थंडी अशी की शेकोटीपासून हात काढवेना. इतके निर्भेळ सुख आम्ही कित्येक वर्षांत अनुभवले नव्हते हे येथे नमूद करावयास हवे, कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यामुळे ते सुख खोटे ठरत नाही.

ओसरीवर बसलो असता कुंपणाच्या एका मोकळ्या जागेतून चार माणसे आत आली. खांद्यावर जाळी होती. 'नर्मदे हर' म्हणून त्यांनी मान लववली आणि घराच्या बगलेने, भाईसाहबांच्या तुळशीच्या वाफ्याला वळसा घालून, ती पाण्याकडे उतरली. थोड्या वेळाने आणखी दोन बायका त्याच वाटेने वर आल्या. भाईसाहब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा समाधानाचा रंग उतरला हे आम्ही पाहिले.

जेवणानंतर त्यांनी विषय काढला. ही वाट त्यांच्या जमिनीतून जाते. नकाशात ती नाही. दिवसातून वीस वेळा माणसे जातात. पहाटे तीनलाही जातात. ओल्या जाळ्यांचा वास येतो. गेल्या वर्षी पाण्याचा पंप चोरीस गेला. कोणी नेला हे ते म्हणत नाहीत, पण कुंपण पुरे असते तर गेला नसता एवढे खरे. नातवंडे अंगणात खेळतात, त्यांची काळजी वाटते. थोडे दूरवरून, टेकडीला वळसा घालून पाण्याकडे जाता येते; तेथून त्यांनी जावे. तेव्हा वाट बंद करण्यासाठी तहसिलीत एक अर्ज करावयाचा आहे. "भाऊ, तुमच्यासारखा अर्ज या जिल्ह्यात कोणी लिहीत नाही."

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांनी हे वाक्य कोठे ना कोठे ऐकले असेल. परमुलखातल्या मराठी कारकुनाची प्रतिष्ठा त्याच्या मसुद्यावर उभी असते. आम्ही तात्काळ होकार दिला. सत्तावीस वर्षांत भाईसाहबांनी आमच्याजवळ काही मागितले असेल तर ते हे पहिलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना नावेत फिरविण्याचे ठरले. नावाडी म्हणजे त्या चारांपैकीच सर्वांत वृद्ध. मुले त्यास 'बब्बा' म्हणत होती. आम्ही बोलण्याच्या ओघात त्याची विचारपूस केली. नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, घरात माणसे किती. म्हातारा हसला आणि म्हणाला, "साहब, आप डूब वाले दफ्तर में थे क्या?" आम्ही चपापलो. प्रश्नांच्या क्रमावरून त्याने आम्हांस ओळखले होते.

ते खरे होते. केंद्र सरकारच्या सेवेत येण्यापूर्वी, १९८० च्या सुमारास, आम्ही दोन वर्षे एका धरणाच्या भूसंपादनाचे काम केले. हे धरण नव्हे, दुसरेच. झाडांची यादी करणे हा आमचा भाग. आंबा, चिंच, मोह, बोर. झाडाचे वय, बुंध्याचा घेर, वार्षिक उत्पन्न. एका शेतकऱ्याने बांधावरच्या एका बाभळीपाशी आम्हांस धरून ठेवले होते. तिला शेंगांखेरीज काही नव्हते, पण दुपारी त्याची गुरे तिच्याखाली बसत. ती लिहून घ्या म्हणून तो हटून बसला. आम्ही लिहून घेतली. उत्पन्नाच्या रकान्यात आम्ही जो शब्द घातला तो सरकारी मराठीतला मोठा देखणा शब्द आहे: निरंक.

म्हाताऱ्याने मध्यावर कोठे तरी वल्हे थांबविले आणि बोट खाली करून म्हणाला, "इतै।" येथे. खाली त्याचे गाव होते. नाव त्याने सांगितले. ते आम्ही येथे देत नाही, कारण त्यावरून माणूस ओळखू येईल. त्याच्या सांगण्यात रडगाणे नव्हते. तलाठी गावाची हद्द दाखवितो त्या स्वरात तो दाखवीत होता: इकडे शाळा, इकडे मढिया, येथे इमली, तेथे चार मोहाची झाडे. मोहफुलावर त्याच्या घराचे दोन महिने निघत. त्याचे पैसे मिळाले काय, असे आम्ही विचारले. झाडे त्याच्या जमिनीवर नव्हती. तेव्हा कसले पैसे? मग तो आणखी एक गोष्ट बोलून गेला. भाईसाहबांच्या अंगणातून जी पायवाट येते ती पाण्यापाशी संपत नाही. ती त्याच्या गावास जाण्याचा जुना रस्ता होती. वरचे टोक तेवढे कोरडे राहिले आहे. बाकीची वाट पाण्याखालून पुढे गेली आहे. मुले वाकून वाकून पाण्यात पाहू लागली. अर्थात काही दिसले नाही.

बरगीची हकीकत सर्वश्रुत आहे, थोडक्यात सांगतो. धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या मालिकेत पुरे झालेले हे पहिले. १०१ गावे बुडतील असे सांगण्यात आले होते. १९९० मध्ये पाणी भरले तेव्हा जबलपूर, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांस त्याचा फटका बसला. नव्याने वसविलेल्या काही वस्त्याही त्यात गेल्या. एक लक्षाहून अधिक माणसे उठली. काही जबलपुरातच आली आणि सायकलरिक्षा ओढू लागली. त्यांच्या रिक्षांतून आम्ही कचेरीत गेलेलो असण्याचा पुष्कळ संभव आहे. पुष्कळ लढल्यावर १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघास जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. पुढे तो त्यांच्याकडे टिकला नाही. पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत काही कुटुंबे पीक काढतात. आपल्याच बुडालेल्या शेतात, काही महिन्यांपुरती.

या सर्व व्यवहारात एक शब्द असा आहे की त्यावर तत्त्वज्ञाने विचार करावा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावावर शेकडा १५ इतकी अधिक रक्कम देण्याची तरतूद होती. कशाबद्दल? जमीन मालकाच्या मर्जीविरुद्ध घेतली जात आहे, याबद्दल. तिला 'सोलेशियम' म्हणत. मराठीत आपण दिलासा रक्कम म्हणतो. १९८४ च्या दुरुस्तीने ती शेकडा ३० झाली आणि २०१३ च्या कायद्याने शेकडा १०० झाली. म्हणजे माणसाच्या नाखुशीचा भाव १२० वर्षांत जवळजवळ सातपट वाढला! हा विनोद नव्हे. मनाविरुद्ध काढून घेणे ही, किंमत चुकती केल्यावरही शिल्लक राहणारी एक स्वतंत्र हानी आहे, हे परकीय सरकारनेही मान्य केले होते. मात्र ती हानी मालकापुरतीच मानली. ज्याचा मोह दुसऱ्याच्या बांधावर होता त्याच्या नाखुशीस शेकडा शून्य. तेथेही निरंकच.

शनिवारच्या रात्री शेकोटीपाशी आम्ही हे सारे भाईसाहबांस सांगितले. त्यांनी जे उत्तर दिले ते सहज बाजूस सारण्याजोगे नव्हते. ते म्हणाले, जबलपुरात बावन्न तलाव होते म्हणतात. राणीताल दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, अधारताल तिच्या दिवाणाचा. आज चेरीताल हे वस्तीचे नाव आहे आणि राणीतालावर क्रीडांगण आहे. तेथे सामने पाहावयास तुम्ही जाता, तेव्हा तळ्याचे काय झाले म्हणून विचारता काय? आणि तळी खोदली तेव्हा तरी कोणाची शेते गेली नसतील कशावरून? तुम्ही जे पाणी पिता, ज्या दिव्याखाली वाचता, त्यांच्या मुळाशी कोणाचे तरी गाव आहे. सगळेच देणेकरी असतील तर एकट्या माझ्या अंगणातून वसुली कशाकरिता?

हा युक्तिवाद आम्हांस नवा नव्हता. मुळशीचे स्मरण झाले. १९२१ सालच्या रामनवमीस मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला, आणि धरण झालेच. आज त्याच तळ्याच्या काठी पुण्यामुंबईची माणसे शनिवार-रविवार घालविण्यास जातात आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याची तारीफ करतात. त्यांनी जाऊ नये काय? जाऊ नये असे म्हणण्याचे धारिष्ट आमच्यात नाही. आम्ही स्वतः म्हाताऱ्याची हकीकत ऐकल्यावरही तिसऱ्या प्रहरी त्याच काठावर ऊन खात पडलो होतो, आणि चक्रवाकांची एक जोडी पाहून आम्हांस आनंद झाला होता. मनात नुसती हळहळ बाळगणे ही फार स्वस्त वस्तू आहे. तिने बुडालेल्याचे काही परत येत नाही. हळहळणारास मात्र आपण इतरांहून बरे आहोत असे वाटू लागते, हा तिचा अधिक तोटा.

पण भाईसाहबांच्या बोलण्यात एका ठिकाणी गफलत होती, असे आमचे मत झाले. धरण आणि वाट ही एकाच जातीची प्रकरणे नव्हेत. धरण त्यांनी बांधले नाही, आम्हीही नाही. जे घडून गेले त्याचे ओझे सर्वांवर वाटले तर एकेकाच्या वाट्यास धुळीएवढे येते, हे खरे. पण वाट अजून बंद झालेली नाही. ती बंद करावयाची की नाही हे एका अर्जावर अवलंबून आहे आणि तो अर्ज एका माणसाच्या लेखणीत आहे. धरण आमच्या हातचे नव्हते, अर्ज होता. टेकडीला वळसा घालून जावे हे बोलणे ओसरीवर बसून सोपे वाटते. दिवसातून वीस खेपा घालणाराच्या पायांस ते तसे वाटणार नाही.

त्या रात्री आम्ही कागद पुढे ओढला. आजवर हजारो मसुदे लिहिले, पण अडखळलो तो दुसऱ्याच वाक्याशी: 'सदर भूमीवरून पूर्वापार कोणतीही वाट अस्तित्वात नाही.' या वाक्यावाचून अर्जास जोर येत नाही. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेप्रमाणे अशा वाटेचा तंटा तहसीलदाराने पूर्वीच्या वहिवाटीकडे पाहून सोडवावयाचा असतो. गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेल्या असतात. परंतु ज्या गावाची ही वाट ते गावच राहिले नाही. आता त्याची वहिवाट कोणत्या गावच्या दप्तरात पाहावयाची? आमचे वाक्य कोणी खोडून काढू शकले नसते. ते फक्त खोटे होते, आणि ते खोटे आहे हे सकाळपासून आम्हांस ठाऊक झाले होते.

रविवारी सकाळी आम्ही भाईसाहबांस स्पष्ट सांगितले की, अर्ज लिहून देतो, पण वाट जुनी आहे हे त्यात लिहावे लागेल. ते म्हणाले, "मग अर्जाचा उपयोग काय?" उपयोग नव्हताच. थोडा वेळ ते चहाच्या पेल्याकडे पाहत राहिले. नंतर अगदी हळू म्हणाले, "भाऊ, त्या रात्री आईंना पाठीवर घेताना मी काही विचारले नव्हते."

या वाक्यास आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

पुढे मात्र पुष्कळ विचार केला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे अशी आपल्याकडे म्हण आहे; दुसऱ्याची वस्तू दान करून स्वतः पुण्य जोडणाऱ्यास ती लावतात. भाईसाहबांचे ऋण आमच्यावर आहे आणि ते आमच्या मिळकतीतून, आमच्या श्रमांतून, वेळ आली तर आमच्या पाठीवरून फेडले पाहिजे. पण त्या म्हाताऱ्याची वाट भाईसाहबांस देऊन टाकली असती तर आमचे ऋण फेडले कोणी असते? आम्ही नव्हे, त्याने. उपकार करणारा आपल्या ऋणकोकडून पुष्कळ काही मागू शकतो, पण तिसऱ्याचे मागू शकत नाही. येथवर आमचे मन स्वच्छ होते.

परंतु हीच म्हण उलटून आमच्याही अंगावर येते, हे ध्यानात आले तेव्हा ती स्वच्छता राहिली नाही. १९८० च्या सुमारास त्या बाभळीपुढे 'निरंक' लिहिले आम्ही. त्याचा सल चव्वेचाळीस वर्षे मनात कोठे तरी होता असे आता वाटते, आणि तो निघाला कोठे? भाईसाहबांच्या अंगणात! वाट चालू राहिल्याने पहाटे तीनला झोपमोड होणार ती त्यांची, काळजी करावयाची ती त्यांच्या नातवंडांची. आम्ही रविवारी सायंकाळी गाडीत बसून घरी येणार. आमचा नकार आम्हांस काय पडला? एक अर्ज न लिहिण्याचे श्रम वाचले! आपले जुने पाप शेजाऱ्याच्या जमिनीतून धुऊन घेणे, यालाही तुळशीपत्रच म्हणावे लागेल. सरकारी माणसास हा मोह फार असतो. जन्मभर जे निष्पक्षपणे पाहिले त्यात आपले स्वतःचे काही गुंतले नव्हते म्हणून निष्पक्ष राहता आले, हे तो विसरतो, आणि निष्पक्षपणा हा आपला गुण आहे असे मानू लागतो.

मग काय करावे? खोटे वाक्य लिहावयाचे नाही, एवढे ठरले होते. पण तेवढ्यावर शेजारधर्म संपत नाही. निघण्यापूर्वी आम्ही भाईसाहबांस म्हटले की, वाटेस दोन्ही बाजूंनी तारा घालाव्यात, पंप घराच्या मागच्या अंगास न्यावा, आणि यास जो खर्च येईल त्यातला अर्धा आम्ही द्यावयाचा. हे बोलताना आम्हांस संकोच वाटला. जणू आम्हीही दिलासा रक्कम ठरवीत होतो. त्यांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. सामान बांधण्यास मदत करू लागले.

आमच्या सौभाग्यवतींस या वादातले काहीच सांगितलेले नव्हते. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तेव्हा शनिवारी दुपारीच त्या भाभीजींना घेऊन मासेमारांच्या झोपड्यांकडे जाऊन आल्या होत्या. तिळगूळ, आणि वाण म्हणून नेलेल्या स्टीलच्या वाट्या, यजमानांसाठी आणलेल्या त्यांतूनच वाटल्या. कोणत्या वाटेने गेलात, असे आम्ही मागाहून विचारले. "वाट एकच तर आहे," त्या म्हणाल्या. भाभीजी पहिल्यांदाच तेथे गेल्या होत्या. त्यांना तेथून वाळविलेल्या बोरांची एक पुरचुंडी मिळाली होती. तीतली निम्मी बोरे त्यांनी आमच्या डब्यात घातली.

परत आल्यावर तीन आठवडे आम्हां दोघांचे बोलणे जेमतेम होते. भिंतीला भिंत लागून असली म्हणजे अबोला फार ऐकू येतो. भाईसाहबांच्या घरचा खोकला, रेडिओ, पूजेची घंटा, सर्व येत होते. कडीवर बोट वाजवून 'भाऊ' अशी हाक मात्र येत नव्हती. त्यांच्याकडचा डबा आमच्या फडताळात होता. काय घालून परत करावा हे घरात ठरत नव्हते, कारण तो परत करण्यास या खेपेस निमित्त पाहिजे होते.

निमित्त पंचांगाने दिले. आपली रथसप्तमी तीच येथील नर्मदाजयंती. त्या वर्षी ती १६ फेब्रुवारीस आली. जबलपुरात राहून त्या सायंकाळी ग्वारीघाटावर गेला नाही असा मनुष्य विरळा. आम्ही डब्यात तिळाच्या वड्या घालून तो बरोबर घेतला होता, भाभीजी तेथे भेटतील या अदमासाने. भेटल्या. बायका द्रोणांत दिवे लावून पाण्यावर सोडू लागल्या. पाणी काळे दिसत होते आणि दिव्यांची रांग घाटापासून पैलतीराच्या गुरुद्वाराच्या दिशेने सरकत होती. हे सारे पाणी वरच्या धरणातून सुटून आलेले, हा विचार मनात आला. पण बोललो नाही. भाईसाहब आमच्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भाऊ, डांबर लावायला नाव खांद्यावर घेऊन चौघे जण वर चढले, तर वाट किती रुंद लागते?"

आम्हांस ठाऊक नव्हते. विचारून सांगतो, असे आम्ही म्हटले.